वैखरीच्या अलीकडे

ज्ञानेश्वरी जिथे संपते तिथे एका लेखनिकाचं नाव आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ही टीका केली आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदरानं लिहून घेतली, असं ती ओवी सांगते. म्हणजे इसवी सन १२९०. या नोंदीचं मला फार अप्रूप आहे. एकजण बोलतोय, दुसरा शेजारी बसून ते पानावर उतरवतोय, आणि उतरवणाऱ्याचं नावही बोलणाऱ्याच्या बरोबरीनं ग्रंथात राहिलंय. भाषा आणि तिला वाहून नेणारं साधन यांच्यातलं इतकं सरळ, इतकं आपुलकीचं नातं पुढे फारसं दिसत नाही.

कारण पुढे नकला झाल्या, आणि नकलांच्याही नकला. बऱ्याच जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकांची एक ठरीव संस्कृत ओळ असते: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. समोर जसं होतं तसं उतरवलंय. शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. दिवसच्या दिवस पाठ वाकवून बसलेल्या माणसाची ही विनवणी आहे आणि तिच्यात त्याच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान आलंय. माझं काम पुढे नेण्याचं, अर्थाची जबाबदारी माझी नव्हे. पण हात असतो तिथे दोष असतो. पाठभेद इतके साचत गेले की सुमारे तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांना प्रतींशी प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. यात कुणी स्वतःची ओवी घुसवली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल, असंही त्यांनी बजावून ठेवलं.

गेली काही वर्षं एक प्रश्न मनात घोळतोय. लिहिण्याचं साधन माणसाच्या बोलण्याच्या नेमकं कुठे उभं असतं? त्याच्या मागे, पुढे, की आत? याचं उत्तर शोधायला मला आपल्याच परंपरेतली एक मांडणी उपयोगी पडली, म्हणून ती इथे घेते.

वाणीच्या चार पायऱ्या आपण लहानपणापासून ऐकतो: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीच्या विवेचनात पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या तीनच येतात. परा नंतरच्या परंपरेत ठसली. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडलेलं, दुसऱ्याच्या कानी जाणारं बोलणं. तिच्या अलीकडे मध्यमा. मनात शब्द जुळतायत, क्रम लागतोय, पण ओठ अजून हललेले नाहीत. आणि त्याच्याही अलीकडे पश्यंती, जिथे क्रमच नसतो. सांगायचं आहे ते सगळं एकदम, अखंड असतं. आधी काय नि नंतर काय हे ठरलेलं नसतं. भर्तृहरीच्या मते वाक्याचा अर्थही असाच अखंड उमगतो. शब्द ही आपण त्या अखंडाची समजुतीसाठी पाडलेली फोड. मला हे पुस्तकी वाटत नाही. बोलायला तोंड उघडतो तेव्हा काय म्हणायचंय ते पुरतं माहीत असतं आणि तरी पहिला शब्द सापडत नाही, हा अनुभव रोजचा आहे.

या मांडणीत बोरू, टाक, पोथी, छापखाना बसवून पाहिले तर ते सगळे वैखरीच्या पलीकडे जाऊन पडतात. बोलणं आधी झालं, निदान मनात पुरतं जुळलं, मग साधन आलं. त्यानं ते साठवलं, पसरवलं, कधी बिघडवलं. बिघडवलं तेसुद्धा बाहेर पडलेल्या शब्दांनाच.

म्हणून ही साधनं निरुपद्रवी होती असं मात्र नाही. प्रत्येकानं भाषेकडून काही ना काही मागून घेतलं आहे. मोडीचं उदाहरण माझ्या जिवाला लागतं. मोडी हात न उचलता लिहायची लिपी, कारकुनाच्या घाईसाठी घडलेली. शब्दांत अंतर नाही, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. ज्या वेलांट्या-उकारांच्या धाकानं शाळेतल्या कित्येक पिढ्यांना मराठी लिहायची भीती बसली, त्यांच्यावाचून शतकानुशतकं राज्यकारभार, हिशेब, तह, तंटे मराठीत बिनघोर चालले होते. मग छापखाना आला. विल्यम केरी या मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. त्या कोशातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या ठशांनी, छापले होते, म्हणजे मोडी छापताच येत नव्हती असं नाही. पण खिळा सुटा असतो आणि मोडीचा जीव जोडण्यात. सुट्या, ठसठशीत बाळबोधीला, म्हणजे आपल्या देवनागरीला, शिसं मानवलं. मोडी हाताची राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तो हातही थांबला. आज दफ्तरखान्यांत रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत आणि ते वाचणारी माणसं मोजकी. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या जागतिक यादीत, जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि उशिराचं दुःखही.

बाळबोधीलाही खिळ्यांनी सुखानं राहू दिलं नाही. मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षरं वेगळी. खिळे जुळवणाऱ्यापुढच्या पेटीत शेकडो खिळे लागायचे. टंकलेखन यंत्राच्या कळांवर तर खालच्या-वरच्या मिळून नव्वदेक खुणांपलीकडे काही मावत नाही. तेव्हा प्रश्न उलटा विचारला गेला: यंत्र लिपीसाठी बदलायचं की लिपी यंत्रासाठी? आजोबांच्या कपाटात त्या काळातली काही पुस्तकं होती. त्यांत ‘अेक’, ‘अितिहास’, ‘अुपाय’ असं छापलेलं असे. सगळे स्वर एका ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांटी लावून लिहायचे, म्हणजे तेवढे खिळे वाचतील. सावरकरांनी ही ‘अ’ची बाराखडी हिरिरीनं पुरस्कारली, गांधीवादी काका कालेलकरांसारखे, एरवी त्यांच्याशी कशातच न जुळणारे लोकही याच दिशेनं विचार करत होते. १९५३ साली लखनऊच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याचंही ठरलं. ते काही वर्षांतच मागे घ्यावं लागलं.

त्या सुधारकांना हसायची आज सोय नाही. भाषा सगळ्यांपर्यंत पोचायची तर यंत्रावाचून गत्यंतर नाही हे त्यांना पुरतं कळलं होतं, आणि त्यासाठी डोळ्यांची हजार वर्षांची सवय मोडायला ते तयार होते. त्यांच्या काळात वाद झाला, जाहीर झाला, बाजू मांडल्या गेल्या. पुढच्या बदलांत तेवढंही झालं नाही.

संगणक आला तेव्हा मराठीच्या वतीनं भांडणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक एका अर्ध्या र चा. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. हा झोपाळलेला, डोळ्याच्या पापणीसारखा वाकडा र मराठीला रोज लागतो. युनिकोडमध्ये तो मिळतो कुठून, तर ‘ऱ’ या अक्षरापासून, जे तिथे मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं आहे. मराठीचा अर्धा र त्या अक्षराच्या आश्रयानं राहतो. ‘ॲ’ला स्वतःचा संकेतांक मिळाला २००८ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि आजही अनेक कळफलक तसंच करतात. दिसायला दोन्ही एक. यंत्राच्या लेखी वेगळी. एका पद्धतीनं ‘ॲप’ लिहून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला लेख कित्येकदा सापडतच नाही. वाचणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

मोबाइलच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची, देवनागरीत ७०, आणि त्यांतही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जायच्या. बऱ्याच फोनवर तर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसत. त्या काही वर्षांत अख्ख्या पिढीनं आपल्या जिवाभावाच्या माणसांना मराठी बोलणं रोमन अक्षरांत लिहिलं आणि ती सवय अनेकांची कायमची झाली. देवनागरी नको असा निर्णय त्यांपैकी कुणीच घेतला नव्हता.

इथवरचं सगळं घेणं-देणं अक्षरांचं आहे. लिपी गेली, वळण गेलं, एखादं चिन्ह उपरं राहिलं. आत जे जुळत होतं त्याला अजून कुणी हात लावलेला नव्हता. माझ्या मते खरी कलाटणी तिथे मिळाली, जिथे यंत्र पुढचा शब्द सुचवू लागलं.

त्याची मुळं जुनी आहेत. १९१३ मध्ये आंद्रेई मार्कोव या रशियन गणितज्ञानं पुश्किनच्या एका पद्यकादंबरीतली पहिली वीस हजार अक्षरं घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, हे हातानं मोजलं. कविता काय सांगते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. एका अक्षरावरून पुढच्याचा अंदाज किती बांधता येतो, एवढंच पाहायचं होतं. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं संदेशवहनाचं गणित मांडलं तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकलं, की संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकीला देणं-घेणं नाही. त्याच लेखात एक विधान आहे ज्यानं मला थांबवलं. इंग्रजीबद्दल त्याचा हिशेब असा, की आपण जे लिहितो त्यातलं साधारण निम्मं भाषेची रचनाच ठरवून टाकते. आपण मोकळेपणानं निवडतो ते उरलेलं निम्मं.

निम्मं! मला याचं वाईट वाटलं नाही, उलट आधार वाटला. भाषा आपल्याला निम्म्या वाटेवर हात धरून नेते, म्हणून तर लहान मूल बोलायला शिकतं, म्हणून तर गोंगाटात अर्धंमुर्धं ऐकूनही आपल्याला समजतं. ठरलेलं निम्मं सर्वांचं सामायिक आहे. प्रश्न उरलेल्या निम्म्याचा. आजची भाषायंत्रं त्याच अंदाज बांधण्याच्या कामाची फार मोठी, फार कुशल रूपं आहेत. प्रचंड मजकूर वाचून, आतापर्यंत आलेल्या शब्दांवरून पुढे काय येणं शक्य आहे याचा हिशेब ती करतात, आणि त्या हिशेबातून एक शब्द उचलून पुढच्याकडे जातात. त्यांच्या आत समज आहे की नाही हा वाद मी इथे काढत नाही. मला काळजी आहे ती समोर बसलेल्या माणसाची. त्याच्या मनात अजून अखंड असलेलं काहीतरी शब्दांत उतरायच्या बेतात असतं आणि तेवढ्यात शब्द हजर होतो. साधन पहिल्यांदाच वैखरीच्या अलीकडे, मध्यमेच्या दारात येऊन उभं राहिलं आहे.

‘पहिल्यांदाच’ असं लिहिलं खरं, पण मनातून लगेच हरकत येते आणि ती रास्त आहे. जात्याचं काय?

जातं हेही यंत्रच. पहाटे दोघी समोरासमोर बसल्या, खुंटा धरला, की दगडाच्या घरघरीला एक लय यायची आणि त्या लयीत ओवी सुचायची. आधी ओवी नि मग जातं असं नव्हतं. दगड फिरू लागल्यावर बाईचं तोंड उघडायचं. घरात, चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती ते तिथे बोललं जायचं: सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, रामाच्या राज्यातली सीता. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या. त्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे जातो. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. आणि ओवी जिथे घडायची ती जागा नाहीशी झाली. ध्वनिफितींत ओव्या आहेत. नवी ओवी तिथे जन्मत नाही.

म्हणजे मध्यमेच्या दारात यंत्र पूर्वीही उभं होतं. छंद आणि यमक हीसुद्धा तिथलीच साधनं. अभंग रचणाऱ्याला पहिल्या चरणाचं यमक दुसऱ्या चरणाकडे ओढत नेतं. पुढचा शब्द कसा वाजला पाहिजे ते आधीच ठरलेलं असतं. तरी जात्यानं कुणाच्या तोंडात शब्द घातला नाही. त्यानं लय दिली, एकांत दिला, रोजचा घटकाभर वेळ दिला आणि शब्दाची जागा रिकामी ठेवली. यमकानं तर ती जागा अवघडच करून ठेवली. सहज आलेला पहिला शब्द यमकात बसत नाही, म्हणून तो सोडून दुसरा धुंडाळावा लागतो, तिसरा धुंडाळावा लागतो, आणि या धुंडाळण्यात कधीकधी कवीला स्वतःलाही ठाऊक नसलेलं काही हाती लागतं. यमक नेहमीच्या शब्दापासून दूर ढकलतं. सुचवणारं यंत्र सर्वांत नेहमीच्या शब्दाकडे ओढतं. दोन्ही साधनं उभी एकाच दारात, पण त्यांचा जोर परस्परविरुद्ध दिशेला आहे. जात्याकडे पाहून माझा प्रश्नच बदलला. साधन कुठे उभं आहे याहून ते तिथे उभं राहून काय करतं, हे जास्त महत्त्वाचं.

काही महिन्यांपूर्वी मैत्रिणीचे वडील गेले. लांबच्या गावी होते, लगेच निघणं शक्य नव्हतं, म्हणून फोन हातात घेतला. ‘भावपूर्ण’ लिहिण्याआधीच ‘भावपूर्ण’ आलं, आणि त्यामागून ‘श्रद्धांजली’. मग ‘काकांच्या’, लगेच ‘आत्म्यास’, ‘शांती’, ‘लाभो’. बोट नुसतं एका जागी ठेवून दाबत राहिलं तरी निरोप पुरा झाला असता. हे शब्द यंत्रानं शोधलेले नाहीत. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ते एकमेकांना पाठवले, तेच ते परत देतंय. ते खोटेही नाहीत. दुःखाच्या वेळी ठरीव शब्द असणं ही समाजानं केलेली सोयच आहे. प्रत्येकाला दर वेळी नवं वाक्य कुठून सुचणार? पण मला काका आठवत होते आणि या शब्दांत ते कुठे नव्हते. फोन बाजूला ठेवला. पुष्कळ वेळ काही सुचलं नाही. त्यांचा चश्मा आठवला, सायकल आठवली, मोठ्यानं बातम्या वाचणं आठवलं, पण यातलं काहीच निरोपात लिहिण्यासारखं वाटेना. मग कधीतरी लक्षात आलं, की त्यांच्या दारावर थाप मारली की आतून ‘कोण आहे?’ असं कधी आलं नाही. ते नुसतं ‘ये’ म्हणायचे. कोण आलंय हे न बघता, न विचारता. मैत्रिणीला तेवढंच लिहिलं. तिनं उत्तरात लिहिलं, की हे घरातही कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

‘ये’ हा एकाक्षरी शब्द. तो कोणत्याही यंत्राच्या यादीत असणारच. पण त्या दिवशी तो यायला मधला रिकामा वेळ लागला. त्या वेळात मी शब्द शोधत होते असं वरवर वाटतं. खरं तर मी काकांना शोधत होते. शब्द सापडल्यावर कळलं की मला त्यांच्याबद्दल काय वाटत होतं. आधी कळलं आणि मग शब्द सापडला, असा क्रम नव्हता. विचार पूर्ण करायचा आणि मग तो भाषेच्या स्वाधीन करायचा, असं भाषेकडे बघणाऱ्यांना हा वेळ वाया गेलेला वाटेल आणि तो वाचवणारं साधन वरदान वाटेल. मला मात्र तो अडखळण्याचा वेळ भाषेचं मूळ घरच वाटतो. कार्यालयीन अर्ज, बिलाची चौकशी, बैठकीची वेळ कळवणं, यांत यंत्रानं माझा वेळ जरूर वाचवावा. तिथे मला कुणाला शोधायचं नसतं.

यंत्र जी मराठी देतं ती कुठून येते, याचाही विचार व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर होते. इंटरनेटवरच्या एकूण मजकुरात मराठीचा वाटा एका टक्क्याहूनही कितीतरी कमी. जो आहे त्यात बातम्या, जाहिराती, सरकारी पत्रकं आणि इंग्रजीवरून घाईनं केलेली भाषांतरं यांचा भरणा. म्हणून या यंत्रांना ‘आवाहन करण्यात येत आहे’ हे झकास येतं. त्यांच्या मराठीत कर्ता बुजतो, ‘च्या माध्यमातून’ सगळं घडतं आणि वाक्याच्या खाली इंग्रजीचा सांगाडा चाचपता येतो. ही मराठी चुकीची नसते. ती कुणाचीच नसते. आणि आता तीच पुन्हा इंटरनेटवर पडते, तिच्यावर पुढची यंत्रं शिकतात, तिच्यातच पुढची मुलं वाचतात. पोथीच्या नकलेत एक दोष घुसला तर पाठभेद होत असे, मूळ प्रत कुठेतरी असायची, ताडून बघता यायची. इथे कशाशी ताडायचं?

हे सगळं लिहिताना मला दुसरी बाजू डोळ्याआड करायची नाही. ज्यांना कळफलक कधी जमलाच नाही, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ज्यांच्या हातात लिहायची ताकद उरलेली नाही, त्यांच्यासाठी बोललेलं आपोआप लिहून देणारं आणि लिहिलेलं वाचून दाखवणारं यंत्र ही साधी सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द कागदापर्यंत पोचतो आहे. माझी मावशी त्यांतलीच. ती वऱ्हाडी बोलते, चौथीपर्यंत शिकली आणि तिला आठवणी इतक्या आहेत की कुणीतरी त्या लिहून घ्यायला पाहिजेत असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं नुसतं म्हणतो. तिच्या पुढ्यात फोन ठेवला, म्हटलं, मावशी, तू बोल, हा लिहील.

ती बोलू लागली. “मले चांगलं आठवते, आमची माय लय पहाटे उठे.” पडद्यावर अक्षरं उमटू लागली तशी ती हरखली. मी वाचून दाखवलं: ‘मला चांगले आठवते, आमची माय लई पहाटे उठते.’ मावशी गप्प झाली. मग म्हणाली, “म्या कव्हा ‘मला’ म्हटलं बाप्पा?” आणि थोड्या वेळानं, “माय आता कुठी उठते? ते गेली न वं.”

व्याकरणात ज्याला रीती भूतकाळ म्हणतात तो तिच्या ‘उठे’मध्ये होता. रोज उठायची, अनेक वर्षं उठायची, आता नाही, हे सगळं त्या दोन अक्षरांत होतं. यंत्राला ‘उठे’पेक्षा ‘उठते’ जास्त संभवनीय वाटलं, आणि गेलेली आई त्यानं वर्तमानात आणून ठेवली. एका नेहमीच्या शब्दाकडे ओढण्याचा अर्थ मावशीला माझ्याआधी कळला होता.

तरी ती म्हणाली, “राहू दे, पुसू नको. आवाज ठेवते न तो? मंग तूच ऐकून लिव.” तेव्हापासून आमची रीत अशी झाली आहे. फोन तिचा आवाज साठवतो. आवाज साठवण्यात त्याला तोड नाही; एक उसासासुद्धा सुटत नाही. मी ऐकते आणि तिचं बोलणं तिच्यासारखं टंकत जाते. ‘मले’, ‘काहून’, ‘उठे’, ‘म्या’ खाली तांबड्या नागमोडी रेषा येतात. प्रत्येक शब्दावर बोट दाबून ‘शब्दकोशात जोडा’ म्हणायचं, की रेषा जाते. यादी लांबत चालली आहे आणि त्यात भर घालायला मावशीचीही आता काही ना काही सूचना असते. कालच तिनं विचारलं, “‘घुगऱ्या’ हाय का त्यात?” तो होता. तिचा विश्वास बसेना, म्हणून पडद्यावर लिहून दाखवला, आणि तिनं लगेच दुसरा शब्द काढला, जो नव्हता.